सन्माननीय व्यासपीठ आणि तुटलेलं बटण: हायस्कूलच्या मुलांना भाषण शिकवताना

एक मुलगा भाषणाला उभा राहिला. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला पाण्याचे महत्त्व याविषयी दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." इथवर गाडी सुसाट. मग "पाणी हे जीवन आहे," आणि पुढे काहीच नाही. तो छताकडे बघत राहिला. छतावर काही लिहिलेलं नव्हतं. मग लांब उडी मारणारा जसा मागे जाऊन पुन्हा धावत येतो, तसा तो थेट "सन्माननीय व्यासपीठ"पर्यंत मागे गेला आणि पुन्हा धावत सुटला. पुन्हा "जीवन आहे"पाशीच पाय अडकला. चौथ्या खेपेला अख्खा वर्ग त्याच्यासोबत एका सुरात "ही नम्र विनंती" म्हणाला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आता याला पाणी द्या."

मी हसले. नशीब, तोही हसला.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. वर्ग कुठे हसला आणि का हसला, एवढंच तिच्यात लिहिते. काही वर्षांनी वही चाळताना लक्षात आलं की मुलं उगाच हसत नाहीत. जिथे हसू फुटतं तिथे बहुतेक वेळा एक साधी, दुरुस्त करता येण्यासारखी चूक असते: पाठांतराची, श्वासाची, कागदाची, नाहीतर पायांची. पुढे दिलेली रीत त्या वहीतूनच आली आहे. भाषण शिकवायला घेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ती आठवड्याला एक तास धरून दोन-अडीच महिन्यांत उरकता येईल.

आधी एक हिशेब. वर्गात 40 मुलं असली आणि प्रत्येक जण 2 मिनिटं बोलला, तरी नुसत्या बोलण्यालाच 80 मिनिटं जातात. येणं-जाणं, टाळ्या, "बाई, मी उद्या बोलू का?" हे वेगळंच. म्हणून एका तासाला दहाजणांपेक्षा जास्त नको. बाकीच्यांना ऐकणाऱ्याचं काम द्या, आणि ते काम खरोखरीचं असू द्या. रिकामं बसलेलं पोर त्या तासाचं वाटोळं करायला पुरेसं असतं.

पहिली पायरी: आधी तुमची फजिती

पहिल्या तासाला मुलांना बोलायला लावू नका. तुम्ही बोला, आणि मुद्दाम वाईट बोला. मी कागदात तोंड खुपसून वाचते, एका पायावर झुलते, दर वाक्याला "तर मग" लावते आणि शेवट न करताच खुर्चीत जाऊन बसते. मुलांनी चुका टिपायच्या. पाच मिनिटांत फळा भरतो. शिक्षकाच्या चुका काढायला मिळणं ही त्यांच्यासाठी पर्वणीच.

एका वर्षी माझ्या यादीत सात चुका होत्या आणि मुलांनी आठ लिहिल्या. आठवी होती, "चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणे." ती मी ठरवून केलेली नव्हती.

त्याच तासाला हसण्याचा नियम सांगून टाका. "कुणावर हसू नये" हे सांगण्यात अर्थ नाही, चौदा वर्षांच्या मुलांना ते जमत नाही. माझा नियम असा: बोलणारा स्वतः हसला, तर वर्गाने खुशाल हसावं. तो हसत नसेल, तर ओठ मिटून मान खाली. नियम मोडणाऱ्याला शिक्षा नाही, पण पुढचं भाषण त्याचं. एकदा मोडला की महिनाभर पुन्हा मोडत नाही.

दुसरी पायरी: बसल्या जागेवरून 30 सेकंद

पहिलं बोलणं बाकावर बसूनच. मग बाकापाशी उभं राहून, आणि त्यानंतर फळ्यासमोर. एका एका पायरीला एक आठवडा द्या. विषय हाताला लागेल असा हवा. "देशप्रेम"वर मूल तोंडपाठ बोलतं, पण "माझ्या दप्तरातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू"वर त्याला खरं बोलावं लागतं.

या विषयावर एकाने दप्तरातून चुरगळलेला कागद काढला आणि मोठ्या ऐटीत सुरुवात केली, "ही आहे मागच्या वर्षीची पालकसभेची सूचना. मी ती घरी दिलीच नाही, कारण..." इथे त्याला आठवलं की समोर त्याच्याच वर्गशिक्षिका बसल्या आहेत. तो जागीच थिजला. मी म्हटलं, "कारण सांग, ऐकते आहे." आणि त्याने सांगितलं! उरलेली 15 सेकंद तो इतका मनापासून बोलला की वर्षभरातलं त्याचं सगळ्यात चांगलं भाषण तेच ठरलं. कागद मात्र मी जप्त केला.

तिसरी पायरी: पाठांतर सोडवणं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मुलं भाषण लिहितात, म्हणजे कुठून तरी उतरवतात, घोकतात आणि ओकतात. एकदा लागोपाठ दोन मुली उभ्या राहिल्या. पहिलीने सांगितलं, लहानपणी तिच्या आजोबांनी तिला अंगणातलं एक रोपटं दाखवून कष्टाचं महत्त्व समजावलं होतं. दुसरी उठली, तर तिच्याही आजोबांनी, तसंच रोपटं, त्याच शब्दांत. मागून प्रश्न आला, "बाई, या बहिणी आहेत का?"

रागावण्याऐवजी मी दोघींना विचारलं, "तुमचे खरे आजोबा काय म्हणायचे?" एकीचे आजोबा दिवे बंद करत घरभर फिरायचे आणि प्रत्येक बटणापाशी "वीज काय फुकट येते?" म्हणायचे. दुसरे रेडिओशी भांडायचे. तेवढ्यावर दोघींची नवी भाषणं उभी राहिली आणि त्यांना ती पाठ करावी लागली नाहीत.

मी सांगते ती पद्धत अशी. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य शब्दशः पाठ करायचं. मधल्या भागाचे फक्त पाच शब्द कार्डावर लिहायचे, मोठ्या अक्षरात. त्या पाच शब्दांवर घरी तीन वेळा बोलायचं, आणि तिन्ही वेळा वाक्यं वेगळी आली पाहिजेत. तिसऱ्यांदाही तीच आली तर पुन्हा घोकंपट्टी सुरू झाली म्हणून समजा.

कार्ड जाड हवं, वहीतलं पान नको. हात सगळ्यांचेच थोडे थरथरतात. पण पातळ कागद ती थरथर दसपट करून दाखवतो आणि वर फडफडून ऐकवतोही. आणि कार्डं एकाहून जास्त असतील तर कोपऱ्यात आकडे घाला. एका मुलीच्या हातून चार कार्डं पडली, तिने घाईत गोळा केली आणि एका थोर पुरुषाबद्दल गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "अखेर त्यांची प्राणज्योत मालवली. लहानपणापासूनच त्यांना वाचनाची अत्यंत आवड होती." हसू आवरेपर्यंत तो तास संपला. आकडे घालण्याचं महत्त्व त्या दिवसानंतर कधी समजवावं लागलं नाही.

लांबीचंही तेव्हाच सांगा. मराठीत मी मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द धरते, म्हणजे तीन मिनिटांना साडेतीनशेच्या आसपास. "एवढंसंच?" असं मुलं विचारतात. मग मी अमेरिकेतल्या गेटिसबर्गची गोष्ट सांगते. 19 नोव्हेंबर 1863 ला तिथे आधी एडवर्ड एव्हरेट नावाचे नामांकित वक्ते सुमारे दोन तास बोलले. मग अब्राहम लिंकन उठले आणि जेमतेम पावणेतीनशे शब्द बोलून दोन-तीन मिनिटांत बसले. आज शाळेतली पोरं लिंकनचं भाषण पाठ करतात, एव्हरेटचं कुणी नाव घेत नाही. (यावर एकाने विचारलं, "मग बाई, मी एक मिनिट बोललो तर आणखी मोठा होईन का?" उत्तराला मी कमी पडले.)

पालुपदासारख्या सुरुवातीचं काय करायचं? मी "सन्माननीय व्यासपीठ"वर बंदी घालत नाही. घाबरलेल्या मुलाला तो कठडा असतो. पण "दोन शब्द सांगणार आहे" म्हणणाऱ्याला वर्गाने मोठ्याने "एक... दोन..." असं मोजायचं, अशी रीत पाडली. आठवड्याभरात ते वाक्य आपोआप गेलं.

चौथी पायरी: अडकण्याचा सराव

न अडकणारा वक्ता घडवणं शक्य नाही. अडकल्यावर काय करायचं हे शिकवणं शक्य आहे. त्यासाठी मी एक पूर्ण तास ठेवते. मूल बोलत असताना मी मधेच टाळी वाजवते. त्याने तिथेच थांबायचं, पाच सेकंद गप्प उभं राहायचं, आणि मग पुढे जायचं. मागे नाही. पाण्यावाल्या मुलाची चूक हीच होती की तो वेग घ्यायला मागे जात राहिला. तोंडपाठ भाषण साखळीसारखं असतं. एक कडी निसटली की पुढची सापडत नाही, म्हणून मूल पहिल्या कडीपासून सुरू करतं. मुद्द्यांवर बोलणाऱ्याला कार्डावरचा पुढचा शब्द बघून थेट तिथे उडी घेता येते.

तीन गोष्टी याच क्रमाने घोटून घ्या: तोंड मिटा आणि नाकाने श्वास घ्या, आत्ताच म्हटलेलं वाक्य हळू पुन्हा म्हणा, कार्डावरच्या पुढच्या शब्दाकडे जा. बस्स. "सॉरी" म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही, बाईंकडे बघायचं नाही. निम्मी मुलं बाईंकडेच बघतात, म्हणून त्या तासाला मी सगळ्यात मागे जाऊन कपाटामागे बसते. एकाने तरीही कपाटाकडे बघूनच भाषण पूर्ण केलं.

पाच सेकंद किती मोठी वाटतात हे बोलणाऱ्याला विचारून पाहा. "अर्धा मिनिट तरी गेला असेल" असं उत्तर येतं. ऐकणाऱ्यांना तो नुसता ठहराव वाटलेला असतो.

पाचवी पायरी: हात, पाय आणि भीती

शीर्षकातलं तुटलेलं बटण आता येतं. एक मुलगा बोलता बोलता शर्टाचं मधलं बटण पिळत होता. भाषण रंगात आलं तसं पिळणंही रंगात आलं, आणि "म्हणूनच मित्रहो, संयम महत्त्वाचा" या वाक्याला बटण तुटून टपकन खाली पडलं. ते घरंगळत पहिल्या बाकाखाली गेलं. सगळ्या वर्गाची मान बटणासोबत वळली. वक्ताही भाषण सोडून बाकाखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "सापडलं! हां, तर संयम."

हे का होतं ते मुलांना सांगितलं की त्यांचा निम्मा धसका जातो. धोका जाणवला की शरीर ॲड्रेनलीन सोडतं. हृदय जोरात धडधडतं, लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडतं, हातापायांना कंप सुटतो. शरीर पळायच्या तयारीत असतं आणि आपण त्याला फळ्यासमोर उभं करतो. ती ताकद मग बटणातून, वेणीतून, खडूतून बाहेर पडते. तिला रस्ता द्या. वर जाण्याआधी मुठी पाच वेळा घट्ट आवळून सोडायच्या. उभं राहताना पायांत खांद्याएवढं अंतर, आणि गुडघे किंचित सैल. सावधानमध्ये ताठ, गुडघे कुलूप लावल्यासारखे करून बराच वेळ उभं राहिलं तर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येऊ शकते, म्हणून ही सूचना हसण्यावारी नेऊ देऊ नका.

"शांत हो, शांत हो" हा सल्ला मी सोडून दिला आहे. 2014 साली ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने दाखवून दिलं की भाषणाआधी स्वतःला "मी शांत आहे" असं बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं म्हणणारे जास्त चांगले बोलले. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणं खोटंच असतं. उत्साह म्हटलं तर तीच धडधड कामाला येते. माझ्या वर्गात मुलं हे वाक्य इतक्या रडक्या आवाजात म्हणतात की ते म्हणतानाच हसू येतं, आणि हसू आलं की घसा मोकळा होतो.

दुसरी भीती, "सगळे माझ्याकडेच बघतायत." कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात पाहिला होता साधारण चौघांतल्या एकाने. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 2003 मध्ये त्यांच्यापैकीच दोघांनी भाषणाबद्दल तसंच दाखवलं: आपली घाबरगुंडी आपल्याला वाटते तितकी समोरच्याला दिसत नाही, आणि ही गोष्ट आधी सांगितली तर वक्ता खरंच बरं बोलतो.

नुसतं सांगण्यापेक्षा वर्गात करून बघा. बोलून झाल्यावर वक्त्याने चिठ्ठीवर 10 पैकी आकडा लिहायचा: मी किती घाबरलेलो दिसलो? पाच श्रोत्यांनीही लिहायचा. मग चिठ्ठ्या उघडायच्या. वक्त्याचा 9 आणि श्रोत्यांचे 4, 5, 3, असं वारंवार होतं. एकदा मात्र उलटं झालं. वक्त्याने स्वतःला 2 दिले आणि पाचही जणांनी 10. तो म्हणाला, "मी घाबरलोच नव्हतो, मला शिंक येत होती."

सहावी पायरी: आवाज

या वयातल्या मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. वाजवणाऱ्याला न सांगता वाद्य बदलावं तसं ते आहे. एकाने मूठ उगारून "क्रांती!" अशी गर्जना केली, ती "क्रां" खर्जात आणि "ती" शिट्टीत निघाली. अशा वेळी हसण्याच्या नियमाची खरी परीक्षा असते. म्हणून आवाज फुटण्याचं कारण सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, त्या मुलाला एकट्याला नाही. उपाय इतकाच: वरच्या पट्टीत सुरुवात करायची नाही, घोषणा ओरडून नव्हे तर थांबून द्यायची, आणि आधी घोटभर पाणी.

ऐकू जाण्याचा सराव असा: शेवटच्या बाकावरच्याने ऐकू येईनासं झालं की हात वर करायचा, वक्त्याने आवाज वाढवायचा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मागच्याचा हात खाली येईचना. बिचारी मुलगी किंचाळण्यापर्यंत पोचली. शेवटी मी विचारलं, तर तो म्हणाला, "ऐकू येतंय बाई, मला बाहेर जायचंय." आता त्या कामाला लाल कार्ड आहे.

शब्द स्पष्ट यावेत म्हणून "चटईला टाचणी टोचली" हे दहा वेळा, आधी सावकाश. डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगणार असाल तर जपून. अथेन्सचा हा वक्ता तोंडात खडे ठेवून बोलण्याचा सराव करायचा, असं प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. मी ते रंगवून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एक जण खिशात गोट्या घेऊन आला. गोट्या घशात अडकतात. गोष्टीआधी बंदी जाहीर करा. त्याऐवजी प्लुटार्कचाच दुसरा किस्सा सांगा: सराव सोडून बाहेर जावंसं वाटू नये म्हणून डेमॉस्थेनिस अर्धं डोकं भादरून घ्यायचा. त्याची नक्कल करायला आजवर कुणी पुढे आलेलं नाही.

सातवी पायरी: पालुपदं मोजणं

"म्हणजे", "तर", "ॲक्चुअली", "असं आहे की". टोस्टमास्टर्स ही 1924 पासून चालत आलेली वक्तृत्वाची संस्था आहे. तिच्या सभेत असे शब्द मोजायला एक माणूस नेमलेला असतो. वर्गातही एकाला नेमा, पण त्याच्या हाती घंटा देऊ नका. मी दिली होती. "म्हणजे" आलं, घंटा वाजली. "म्हणजे बाई, मला..." घंटा. "म्हणजे मी म्हणजे..." घंटा, घंटा. शेजारच्या वर्गाला वाटलं शाळा सुटली.

कागदावर गुपचूप रेघा मारायच्या आणि शेवटी आकडा फक्त बोलणाऱ्याला द्यायचा. आकडा कळला की तो स्वतःच पुढच्या वेळी कमी करतो. शब्दाच्या जागी काय आणायचं, तर काहीच नाही, नुसता थांबा. चौथ्या पायरीवरचा पाच सेकंदांचा सराव इथे कामी येतो. मुलांनी एकदा माझ्याही रेघा मारल्या होत्या. "लक्षात आलं का?" एका तासात एकतीस वेळा. लक्षात आलं.

माईक आणि शेवट

माईकबद्दल फार शिकवण्यासारखं नाही. फुंकर मारू नका, चार बोटांच्या अंतरावर धरा, आपल्या आधीचा ताडमाड उंच असेल तर स्टँड खाली करूनच सुरुवात करा. नाहीतर श्रोत्यांना माईक आणि त्याच्यामागे फक्त केस दिसतात. आणि जाताना तो चालू आहे हे विसरू नका. एकीने अतिशय भारदस्त समारोप केला, टाळ्या झाल्या, आणि मग सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, "हुश्श! सुटले एकदाची."

शेवटाचा खरा घोळ पायांत असतो. तोंडाच्या आधी पाय निघतात. "एवढे बोलून मी माझे" व्यासपीठावर, "भाषण" पायऱ्यांवर आणि "संपवतो" थेट बाकावरून, असं मी कितीदा तरी ऐकलं आहे. शेवटचं वाक्य हळू म्हणायचं, उभं राहून मनात एक-दोन मोजायचं, मग वळायचं. टाळ्या त्या दोन आकड्यांच्या मधेच पडतात. तिथे नसलात तर त्या तुमच्या पाठीवर पडतात.

भाषण झाल्यावर

"छान होतं" या शब्दांवर बंदी घाला. प्रत्येक श्रोत्याने चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या: मला लक्षात राहिलेलं एक वाक्य, आणि पुढच्या वेळी बदलायची एक गोष्ट. चिठ्ठ्या आधी तुम्ही चाळा, मगच द्या. मुलं फार प्रामाणिक असतात. "तुझं भाषण मनाला भिडलं, फक्त ऐकू आलं नाही" ही चिठ्ठी मी दिली. "तुझ्यापेक्षा बटण चांगलं बोललं" ही दिली नाही.

शेवटच्या तासाला मी पुन्हा बोलते, या वेळी जमेल तितकं चांगलं, आणि चिठ्ठ्या मागते. मागच्या खेपेला बहुतेकांनी ठहराव बरा होता, आवाज पोचला, असं काहीबाही लिहिलं होतं. एका चिठ्ठीत, बारीक अक्षरात: "बाई, चष्मा परत कपाळावर होता. तुम्ही हसला नाहीत म्हणून आम्हीपण नाही हसलो."